अल्मोडा, जागेश्वर, बिनसर: खान्देशातून कुमाऊंला कसं जायचं, काय आणि किती बघायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणाचा विषय निघतो. नैनिताल, मसुरी, मनाली ही नावं पुढं येतात, आणि एका आठवड्यात पाच गावं उरकणारा टूरचा कागद हातात पडतो. त्यात निम्मा वेळ गाडीत जातो आणि उरलेला हॉटेलची खोली मिळण्यात. माझं म्हणणं साधं आहे. उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातलं अल्मोडा हे एकच गाव धरा, तिथं आठवडाभर मुक्काम टाका आणि आसपासची देवळं, जंगलं, शिखरं एकेक दिवस देऊन बघा. आणि शक्य असेल तर मे महिन्यात जाऊ नका.

अल्मोडाच का? नैनिताल आणि मसुरी ही गावं इंग्रजांनी स्वतःच्या उन्हाळ्यासाठी वसवली. अल्मोडा त्याआधीचं आहे. सोळाव्या शतकात चंद राजांनी आपली राजधानी चंपावतहून इथं आणली. त्यामुळं इथं जुनी बाजारपेठ आहे, राजघराण्याची देवळं आहेत, आणि पर्यटक नसले तरी चालणारं रोजचं आयुष्य आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर, घोड्याच्या खोगिरासारख्या डोंगरधारेवर पसरलंय. एका अंगाला कोसी नदी, दुसऱ्या अंगाला सुयाल. ही उंची आपल्या लोकांना सोसते. लेह-लडाखसारखा श्वासाचा त्रास इथं होत नाही, म्हणून आई-वडिलांना बरोबर नेता येतं.

केव्हा जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर हा सगळ्यात चांगला काळ. पावसानं आभाळ धुऊन निघालेलं असतं आणि सकाळी हिमशिखरं कोरून काढल्यासारखी दिसतात. शाळांना दिवाळीची सुट्टी असते, त्यामुळं नोकरदारांचं जमून जातं. पण ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांचं काय? ऐन वेचणीत घर सोडता येत नाही. त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा धरावा. गहू-हरभरा घरात आलेला असतो, आणि कुमाऊंच्या जंगलात तेव्हा बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. हिरव्यागार डोंगरात मध्येच लालभडक झाडं उभी दिसतात. शिखरं मात्र नोव्हेंबरइतकी स्वच्छ दिसतीलच असं नाही.

मे-जून टाळायला सांगतो त्याची कारणं आहेत. चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, सुया वाळून जंगलाला वणवे लागतात, धुरानं सगळं धूसर होतं आणि ज्या शिखरांसाठी एवढा प्रवास केला ती दिवसेंदिवस दिसत नाहीत. जून २०२४ मध्ये बिनसरच्या वणव्यात वनखात्याच्या कर्मचाऱ्यांचे जीव गेले. शिवाय अल्मोड्याच्या रस्त्यावरच नीम करौली बाबांचं कैंची धाम आहे. १५ जूनला तिथं मोठा मेळा भरतो, आणि त्याच्या आगेमागे गाड्यांच्या रांगा किलोमीटरांनी मोजाव्या लागतात.

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दरडी कोसळतात. या काळात फक्त एकाच कारणासाठी जावं असं मला वाटतं, ते म्हणजे नंदादेवीचा मेळा. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास, आपल्याकडं ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी बसतात त्याच सुमारास, अल्मोड्यात नंदा आणि सुनंदा या दोन बहिणींची पूजा होते. त्यांच्या मूर्ती केळीच्या खांबांपासून करतात. आधी जाऊन केळीच्या झाडांना निमंत्रण देतात, पूजा करून ती कापतात, वाजतगाजत गावात आणतात. मग त्या खोडांना कापडाचा आणि रंगांचा साज चढवून देवीचा मुखवटा उभा राहतो. रावेर-यावलच्या माणसानं हे एकदा बघावंच. ज्या खोडाला आपण घड उतरला की शेतात आडवं करतो, त्याच्यापुढं तिथं अख्खं गाव हात जोडून उभं असतं. नंदा ही त्या मुलखाची लेक मानतात, सासरी हिमालयात दिलेली. आखाजीला लेकीची वाट बघणाऱ्या आपल्या बायकांना तिथल्या बायकांच्या डोळ्यांतलं पाणी समजावून सांगावं लागत नाही.

रेल्वे: भुसावळ ते काठगोदाम

यात खान्देश नशीबवान आहे. भुसावळला दिल्लीकडं जाणाऱ्या गाड्यांची कमतरता नाही. पंजाब मेल, कर्नाटक एक्स्प्रेस, झेलम आणि सचखंड या नवी दिल्लीला जातात. गोवा एक्स्प्रेस आणि मंगला हजरत निजामुद्दीनला जातात. धुळेकरांनी चाळीसगाव किंवा जळगाव गाठावं, नंदुरबारकरांनी सरळ भुसावळ. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तारखा पंचांगात बघून आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळीच बुकिंगला बसायचं. तत्काळच्या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नका.

दिल्लीहून काठगोदामला दोन गाड्या सोयीच्या. सकाळी नवी दिल्लीहून शताब्दी, आणि रात्री जुन्या दिल्लीहून राणीखेत एक्स्प्रेस. मी राणीखेतच सुचवतो. रात्री झोपायचं, पहाटे उठायचं, समोर डोंगर. दिवस वाया जात नाही आणि दिल्लीत हॉटेल लागत नाही.

स्टेशन बदलण्याकडं लक्ष द्या. नवी दिल्लीला उतरलात तर मेट्रोच्या पिवळ्या मार्गानं चांदणी चौक दोनच थांबे, तिथून जुनी दिल्ली स्टेशन पायी. निजामुद्दीनला उतरलात तर सामान आणि म्हातारी माणसं असताना मेट्रोच्या भानगडीत न पडता टॅक्सी करा. दोन गाड्यांमध्ये किमान सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की गाड्या अर्धा-अर्धा दिवस उशिरा धावतात, तेव्हा तर हे सहा तासही अपुरे पडतील.

काठगोदाम ते अल्मोडा

अंतर नव्वद किलोमीटरच्या आत आहे, पण घाट आहे, तीन-साडेतीन तास धरा. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते. हल्द्वानीहून रोडवेजच्या आणि ‘केमू’च्या, म्हणजे कुमाऊं मोटर ओनर्स युनियनच्या बस सुटतात. चौघं-पाच जण असाल तर पूर्ण गाडी करणं परवडतं, आणि वाटेत थांबता येतं. भाडं स्टेशनवरच्या टॅक्सी स्टँडवर ठरवा, फोनवरच्या एजंटाशी नको.

भुसावळच्या सपाटीवरची पोटं या वळणांना सरावलेली नसतात. निघताना चहा-बिस्किटावरच भागवा, पराठे कैंचीच्या पुढं खा. ज्याला मळमळतं त्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या, आणि गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी काही कामाची नाही.

भवाली, कैंची, गरमपानी, खैरना असा रस्ता जातो. खैरन्यापासून कोसी नदी सोबतीला येते. पुढं काकडीघाट लागतो. १८९० साली स्वामी विवेकानंद पायी अल्मोड्याकडं जाताना इथं नदीकाठच्या पिंपळाखाली ध्यानाला बसले होते. पिंडी ते ब्रह्मांडी याचा अनुभव त्यांना इथं आला असं ते स्वतः सांगत. बहुतेक गाड्या न थांबता पुढं निघून जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा.

क्वारब इथं डोंगर वारंवार घसरतो आणि रस्ता बंद पडतो. तसं झालं की गाड्या खैरन्याहून राणीखेतमार्गे वळवतात, आणि दीड-दोन तास वाढतात. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करून ‘क्वारब खुला है क्या’ एवढंच विचारायचं. परतीच्या दिवशी तर हे विचारल्याशिवाय सामान बांधू नका.

मुक्काम आणि पहिला दिवस

माल रोडवर किंवा त्याच्या जवळ खोली घ्या. कुमाऊं मंडल विकास निगमची विश्रामगृहं अल्मोडा, जागेश्वर, बिनसर, कौसानी या चारही ठिकाणी आहेत. खोल्या साध्या असतात, जागा मात्र मोक्याच्या. खोली घेण्याआधी गरम पाणी किती वाजता येतं आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती, हे दोन प्रश्न विचाराच. अल्मोड्यात ‘बस थोडा सा नीचे’ म्हणजे साठ-सत्तर पायऱ्या असू शकतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला त्या रोज चढायच्या असतात.

पहिल्या दिवशी कुठंही गाडी करू नका. जेवा, झोपा, आणि उन्हं उतरली की लाला बाजारात जा. दगडी फरशांची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी सज्जांची घरं, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची जुनी परंपरा. त्याच भागात नंदादेवीचं देऊळ आहे. संध्याकाळच्या आरतीला गावातल्या बायका असतात, त्यांच्या मागं शांतपणे उभं राहा.

कटारमल

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कटारमलचं सूर्यमंदिर गाठा. अल्मोड्यापासून साधारण सतरा किलोमीटर. चंदांच्या आधी कुमाऊंवर राज्य करणाऱ्या कत्यूरी घराण्यातल्या कटारमल्ल राजानं नवव्या शतकात ते बांधलं असं मानतात. उंची २,१०० मीटरच्या वर. मुख्य देऊळ पूर्वाभिमुख, शिखराचा वरचा भाग पडलेला, आणि भोवती चाळीसहून अधिक छोटी देवळं. मूळ कोरीव लाकडी दरवाजा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवलाय. परतीला दिल्लीत वेळ असेल तर तो बघता येईल. नऊच्या आत पोचलात तर कोवळं ऊन थेट दारावर पडलेलं सापडतं. शेवटचा टप्पा चढाचा आहे, काठी असू द्या.

बलसाणे किंवा पाटणची देवळं पाहिलेल्या माणसाला इथं एक फरक लगेच जाणवेल. आपल्या हेमाडपंती देवळांत नक्षी भिंतभर असते, इथं भिंती बऱ्याच साध्या आणि सगळा जोर सरळ वर जाणाऱ्या शिखरावर.

चितई, लखुडियार आणि जागेश्वर

हा या प्रवासाचा गाभा. दोन दिवस द्या आणि रात्र जागेश्वरला काढा.

वाटेत आठ-नऊ किलोमीटरवर चितईचं गोलू देवतेचं देऊळ आहे. गोलू हा न्यायाचा देव. ज्याला कोर्टात न्याय मिळाला नाही, किंवा कोर्टाची पायरी चढायची ऐपत नाही, तो इथं अर्ज लिहून बांधतो. अर्ज साध्या कागदावर असतात, तसे चक्क स्टॅम्प पेपरवरही. मागणी पुरी झाली की घंटा बांधायची. छताला, कठड्यांना, वाटेच्या दोन्ही बाजूंना हजारो घंटा लटकलेल्या, काही मुठीएवढ्या, काही दोघांना उचलाव्या लागतील अशा. अर्जांत नोकरी असते, नवऱ्याची दारू असते, भावकीतला जमिनीचा वाद असतो, खाली अर्जदाराचं नाव, गाव, तारीख. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात घालवलेली घरं आपल्याकडंही आहेत, त्यामुळं हे कागद परके वाटत नाहीत. पण ते दुसऱ्यांचे अर्ज आहेत. त्यांचे फोटो काढून टाकू नका, कारण त्यावर खरी नावं असतात.

पुढं बाडेछीनाच्या आधी, सुयालच्या काठाला लखुडियारचा कातळ लागतो. रस्त्याच्या अगदी कडेला. प्रागैतिहासिक माणसानं पांढऱ्या, काळ्या आणि गेरूच्या रंगात काढलेली चित्रं. हातात हात धरून नाचणाऱ्या माणसांची रांग नीट शोधा, ऊन तिरपं असताना जास्त स्पष्ट दिसते. हात लावू नका, पाणी तर मुळीच मारू नका.

आरतोल्याला मुख्य रस्ता सोडला की देवदाराचं बन सुरू होतं, आणि जागेश्वरच्या आधी दंडेश्वराचं देऊळ लागतं. गाडी तिथंच सोडा आणि पुढं पायी जा. रस्ता जटागंगेच्या काठानं जातो, चढ नाही, आणि देवदाराची सावली इतकी दाट की दुपारीही स्वेटर लागतो.

जागेश्वरला सव्वाशेच्या आसपास लहान-मोठी दगडी देवळं आहेत, साधारण सातव्या ते चौदाव्या शतकातली. मुख्य आवारात गर्दीनं उभी असलेली शिखरं, काहींच्या डोक्यावर लाकडी छत्र्या. महामृत्युंजयाचं देऊळ इथल्या सर्वांत जुन्यांपैकी. जागेश्वराला तिथले लोक ‘नागेशं दारुकावने’ मधला नागेश मानतात. आपल्याकडं तो मान औंढा नागनाथाला आहे आणि गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराला. आवारात उभं राहून पुजाऱ्यांशी यावर वाद घालणारे मराठी यात्रेकरू भेटतात. कृपा करून तसं करू नका. तिन्हीकडं शेकडो वर्षांची पूजा आहे, आणि आपण पाहुणे आहोत.

दुपारी दिल्ली-हल्द्वानीच्या गाड्या येतात आणि आवार भरून जातं. चारनंतर त्या निघून जातात. म्हणूनच रात्रीचा मुक्काम सांगतोय. सकाळची पूजा गर्दीशिवाय मिळते. नोव्हेंबरात पहाटे फरशी इतकी गार असते की अनवाणी दोन मिनिटं उभं राहवत नाही. जाड लोकरी मोजे घालून चालतं, तिथले पुजारीही तेच करतात. आमच्याबरोबरच्या पारोळ्याच्या एक मावशी पहिल्या पावलालाच म्हणाल्या, ‘कितली थंडी शे आठे!’ आणि तरी पूजा संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बघा. पाय मजबूत असतील तर वृद्ध जागेश्वरला जाऊन या, आभाळ मोकळं असेल तर तिथून हिमशिखरं दिसतात. श्रावणात यायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, तिथला श्रावण कर्क संक्रांतीला, म्हणजे जुलैच्या मध्यालाच, हरेला सणानं सुरू होतो. आपल्या पंचांगातला श्रावण धरून गेलात तर त्यांचा बराचसा महिना संपलेला असतो.

कसारदेवी आणि बिनसर

दोन्ही एकाच रस्त्यावर, एकच दिवस पुरतो. कसारदेवीचं देऊळ अल्मोड्यापासून आठ-एक किलोमीटरवर टेकडीच्या टोकाला. विवेकानंदांनी इथल्या गुहेत ध्यान केलं होतं. पुढं जर्मन वंशाचे बौद्ध साधक लामा अनागारिक गोविंद इथं राहिले, साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुण आले. ही जागा व्हॅन ॲलन पट्ट्यावर, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यावर, आहे, म्हणून इथं विशेष ऊर्जा मिळते, असं बरेच जण सांगतील. ते पट्टे पृथ्वीपासून शेकडो-हजारो किलोमीटर वर आहेत आणि सगळ्या पृथ्वीला वेढून आहेत, एका टेकडीचे नाहीत. कसारदेवीला शांत वाटतं ते वाऱ्यामुळं, चीडाच्या सळसळीमुळं आणि समोरच्या दरीमुळं. तेवढं पुरेसं आहे.

बिनसर अभयारण्य १९८८ पासूनचं. फाटकावर प्रवेश शुल्क भरून गाडी आत जाते, आणि निगमच्या विश्रामगृहापासून झीरो पॉइंटपर्यंत बांज (ओक) आणि बुरांसाच्या जंगलातून दीड-दोन किलोमीटर चालायचं. उंची २,४१२ मीटर. आभाळ मोकळं असेल तर चौखंबा, त्रिशूल, नंदादेवी, पंचाचूली एका नजरेत येतात. पहाटेच निघा, कारण दहानंतर शिखरांवर ढग चढू लागतात. या भागात बिबटे आहेत. यावल-चोपड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको: पोरांना पुढं पळू देऊ नका आणि अंधाराच्या आत फाटकाबाहेर या. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो.

कौसानी आणि बैजनाथ

वेळ असेल तर. अल्मोड्याहून कौसानी पन्नास किलोमीटरच्या आसपास. १९२९ साली गांधीजी इथं राहिले आणि गीतेच्या आपल्या भाषांतराची प्रस्तावना त्यांनी इथंच लिहिली. ती जागा आता अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं कौसानीला तासभर जास्त द्यावा. पुढं खाली उतरून गोमतीकाठची बैजनाथची देवळं, कत्यूरी राजांच्या जुन्या राजधानीतली. तिथल्या पार्वतीची मूर्ती नीट बघा. त्याच दिवशी बागेश्वरही उरकायचा मोह टाळा.

खाणं

पहाडी जेवण आपल्या मानानं सौम्य आहे, म्हणून शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी बरोबर असू द्या. पण तिथलं खाल्ल्याशिवाय येऊ नका. गहत म्हणजे आपला कुळीथ, त्याची दाळ थंडीत उत्तम. मडुव्याची रोटी म्हणजे नाचणीची भाकरी. काळ्या भट्टाची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, चुडकाणी भातावर घ्या. आलूचे गुटके आणि भांगाच्या बियांची चटणी ही नाश्त्याची जोडी. त्या बियांनी नशा होत नाही, निर्धास्त खा. काकडीच्या रायत्यात वाटलेली मोहरी असते, ती थेट नाकात जाते.

बाजारात बाल मिठाई आणि सिंगोडी घ्या. बाल मिठाई म्हणजे तपकिरी होईपर्यंत भाजलेला खवा, वर साखरेचे पांढरे दाणे. सिंगोडी म्हणजे मालूच्या पानाच्या शंकूत भरलेला खवा, पानाचा वास त्यात उतरलेला. सिंगोडी तिथंच खाऊन संपवा, ती टिकत नाही. घरी नेण्यासाठी बाल मिठाई, आणि तीही निघण्याच्या दिवशी सकाळी ताजी.

बांधाबांध आणि परती

नोव्हेंबरात दिवसा पातळ स्वेटर चालतो, पण रात्री जाड जाकीट, कानटोपी, मोजे लागतात. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. रोख पैसे अल्मोड्यातच काढा, जागेश्वर-बिनसरला एटीएमच्या भरवशावर राहू नका. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या पुरेशा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. शेअर टॅक्स्या दुपारनंतर कमी होत जातात, म्हणून आसपासच्या कुठल्याही ठिकाणाहून तीनच्या आत परतीला लागा.

शेवटच्या दिवशी क्वारबची चौकशी करून सकाळी दहा-अकरापर्यंत निघालात की रात्रीची राणीखेत एक्स्प्रेस आरामात मिळते. कैंचीला दर्शन घ्यायचं असेल तर याच दिवशी घ्या, पण शनिवार-रविवार असेल तर सोडून द्या, गाडी चुकायची. राणीखेत पहाटे जुन्या दिल्लीला सोडते. भुसावळकडची गाडी दुपारची किंवा संध्याकाळची काढली असेल तर सामान क्लोक रूमला टाका आणि कटारमलचा दरवाजा बघायला राष्ट्रीय संग्रहालयात जा. सोमवारी ते बंद असतं, तेवढं तारखा ठरवतानाच बघून घ्या.